हाडांचं पाणी, अंड्याची कॉफी

गोडा मसाला करायला घेतला की परातीत धणे, सुकं खोबरं, दगडफूल यांच्या शेजारी एक तपकिरी चांदणी पडलेली असते. आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीत एक चकचकीत बी. कुणी तिला चक्रीफूल म्हणतं, कुणी बाद्यान, कुणी बदामफूल. हे झाड महाराष्ट्रात होत नाही. भारतात येणाऱ्या चक्रीफुलाचा मोठा वाटा व्हिएतनामचा, आणि व्हिएतनाममध्ये त्याचं माहेर म्हणजे लांग सोन, चीनच्या सीमेला टेकलेला डोंगराळ प्रांत. तिथून साधारण दीडशे किलोमीटरवर हनोई. हीच चांदणी हनोईत रात्रभर हाडांच्या पाण्यात मुरत असते. सकाळी शहर उठतं तेव्हा गल्लीगल्लीत जो वास भरून राहिलेला असतो, त्यात आपल्या मसाल्याच्या डब्याचाही वास असतो.

या शहराच्या खाण्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मला मात्र त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. हनोईच्या नावाजलेल्या पदार्थांच्या मुळाशी जावं, तर बहुतेक ठिकाणी कुणालाच नको असलेलं काहीतरी सापडतं, नाहीतर हवं असून न मिळालेलं काहीतरी. टाकायची हाडं, शेतातले बोटभर खेकडे, सणाचं उरलेलं जेवण, बाजारातून नाहीसं झालेलं दूध. त्यातून त्यांनी जे केलं, ते खायला आज जगभरातून लोक येतात.

आधी शहराची ओळख. जुन्या हनोईचा नकाशा वाचणं म्हणजे वाण्याची यादी वाचणं. ‘हांग’ म्हणजे माल. हांग मुओइ हा मिठाचा रस्ता, हांग दुओंग साखरेचा, हांग का मासळीचा, हांग गा कोंबड्यांचा, हांग थान कोळशाचा. चांदीकाम करणारे हांग बाकवर. इ. स. १०१० मध्ये ली थाय तो या राजानं इथं राजधानी आणली. पुढच्या शतकांत आसपासच्या गावांतून कारागीर येत गेले, आणि एका गावचे, एका धंद्याचे लोक एका गल्लीत राहू लागले. पुण्याची तांबट आळी पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. खाण्याच्या दुकानांतही तीच रीत उतरली आहे. एक दुकान, एक पदार्थ. ‘काय काय आहे?’ असं विचारायचं नसतं. किती वाट्या ते सांगायचं आणि गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं.

आता फो, म्हणजे हाडांच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. आपण लिहितो ‘फो’, पण हनोईतला उच्चार ‘फ’च्या जवळचा आहे, आणि सूर खाली जाऊन वर येतो, एखादा प्रश्न विचारल्यासारखा. राष्ट्राची ओळख झालेला हा पदार्थ मोठा प्राचीन असेल असं वाटतं. तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. उत्तर व्हिएतनामच्या शेतकऱ्याकडे बैल आणि रेडा होता तो नांगरासाठी. तो कापून खाणं ही रोजची गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांचं राज्य आलं आणि त्यांच्या जेवणासाठी गोमांसाची मागणी आली. मांस साहेबाच्या ताटात गेलं, खाटकाकडे हाडं उरली. लाल नदीच्या धक्क्यावर हमालांना रेड्याच्या मांसाचा रस्सा आणि तांदळाच्या शेवया विकणारे फेरीवाले होतेच. ती स्वस्त हाडं त्यांच्या पातेल्यात आली, असं फोच्या जन्माबद्दल सांगतात. फ्रेंचांच्या रश्श्याचा, चिनी व्यापाऱ्यांच्या शेवयांचा त्यात किती हात, यावर तिथले जाणकार आजही हिरिरीनं भांडतात. हनोईच्या दक्षिणेला असलेल्या नाम दिन्ह भागातलं वान कू हे गाव मात्र फो करणाऱ्यांचं गाव म्हणून सर्वांना मान्य आहे. तिथली माणसं खांद्यावर कावड घेऊन शहरात यायची. एका बाजूला पेटती चूल आणि पातेलं, दुसऱ्या बाजूला शेवया, वाट्या, कांद्याची पात. अख्खं हॉटेल एका माणसाच्या खांद्यावर.

हाडांचं नुसतं पाणी इतकं सुंदर कसं लागतं? आधी हाडं एकदा उकळून ते पहिलं, फेसाळ पाणी ओतून देतात. आलं आणि छोटे कांदे सालीसकट थेट निखाऱ्यावर ठेवतात, साल काळी पडेपर्यंत; आपण भरताचं वांगं भाजतो तसं. चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलचीच्या कुळातली ‘थाओ क्वा’ नावाची एक मोठी, धुरकट वासाची वेलची कोरडी भाजून घेतात. मग हे सगळं हाडांबरोबर तासन् तास मंद आचेवर. इथे घाई चालत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. पाणी खळखळून उकळलं की हाडांतली चरबी फुटून तिचे बारीक थेंब पाण्यात मिसळतात आणि रस्सा गढूळ होतो. आच मंद असली की चरबी वर तरंगते आणि काढून टाकता येते. हाडांच्या टोकांची कूर्चा मात्र विरघळून रश्श्याला नकळत अंग देते. चांगल्या फोचा रस्सा कोऱ्या चहासारखा नितळ दिसतो आणि ओठांना किंचित चिकटतो.

बात दान रस्त्यावर ४९ क्रमांकाचं दुकान आहे. तिथे रांगेत उभं राहायचं, आधी पैसे द्यायचे, आणि वाफाळती वाटी स्वतःच्या हातानं उचलून टेबलापर्यंत न्यायची. रश्श्याचं तापमान बोटांना कळतं. लो दुक रस्त्यावर १३ क्रमांकाकडे वेगळी तऱ्हा: मांस आधी लसणाबरोबर मोठ्या आचेवर परतून मग वाटीत, आणि वर कांद्याच्या पातीचा ढीग. दोन्हीकडे सोबत काय, तर लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरची, लिंबू. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेला गेले आणि फो बरोबर घेऊन गेले. सायगावात त्याला तुळशीच्या जातीचा पाला, मोड आलेले मूग, गोडसर सॉस अशी श्रीमंती मिळाली. हनोईकर अजूनही म्हणतात, रस्सा चांगला असेल तर हे सारं कशाला? मी या भांडणात हनोईच्या बाजूनं आहे.

गोमांस न खाणाऱ्यांनी खट्टू होऊ नये. १९३९ च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गोमांसविक्रीला बंदी होती. ते दोन दिवस दुकान बंद ठेवायचं की काय करायचं? काहींनी कोंबडी घातली. गिऱ्हाईक आधी नाराज झालं, मग त्याला चटक लागली. तो ‘फो गा’ आज हनोईत स्वतःच्या हक्कानं उभा आहे. लिंबाच्या पानांची हिरवी शेव वर पेरलेली असते आणि चव अधिक हलकी.

टंचाईची याहून कठोर गोष्टही फोच्याच नावावर आहे. अमेरिकेशी युद्ध चालू असताना हनोईत सगळं शिधापत्रिकेवर मिळायचं आणि फोची दुकानं सरकारी होती. मांस नसायचं. शेवया आणि पांचट रस्सा, बस्स. त्याच काळात शहरावरून अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं फिरायची. लोकांनी त्या मांस नसलेल्या वाटीला नाव दिलं, ‘फो खोंग न्गुओई लाय’: चालकाविना फो. त्यात शिळा भात कालवून पोट भरायचे. १९८६ नंतर आर्थिक धोरण बदललं, खासगी दुकानं परत उघडली, मांस परत आलं. पण ते नाव कुणी विसरलेलं नाही. डोक्यावर बॉम्बफेक होत असताना उपाशी माणसांनी आपल्या जेवणाला असं नाव ठेवावं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

हाडांनंतर खेकडे. भाताच्या खाचरात, बांधाच्या बिळात जे छोटे खेकडे सापडतात, त्यांत खायला मांस असं नसतंच. आपल्याकडे कोकणात त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून, ते पाणी गाळून कालवणात घालतात. हनोईचा ‘बुन रियू’ इथूनच सुरू होतो, पण एक पाऊल पुढे जातो. पाठीची टोपली काढून अख्खा खेकडा मिठासकट कुटतात, पाण्यात कालवतात, फडक्यातून गाळतात. ते करडं, गढूळ पाणी मंद आचेवर ठेवतात, आणि मग चमत्कार घडतो. मिठाच्या पाण्यात विरघळलेली खेकड्याची प्रथिनं उष्णतेनं एकमेकांना धरू लागतात, कणाकणानं वर येतात आणि पातेल्याच्या तोंडाशी गुलाबीसर तपकिरी ढग जमतो. दूध फाटून पनीर व्हावं, तसं. हातात काहीच येणार नाही असा जो जीव, त्याचं सगळं सत्त्व असं एका थरात तरंगत वर येतं. त्या ढगालाच ‘रियू’ म्हणतात. खाली टोमॅटोचा आंबट रस्सा, बारीक तांदळाच्या शेवया, वर रियूचा तुकडा. जुन्या पद्धतीत आंबटपणासाठी व्हिनेगर कशाचं, तर तांदळाची दारू गाळल्यावर उरलेल्या चोथ्याचं. डोंग शुआन या १८८९ साली उभ्या राहिलेल्या मोठ्या बाजाराला लागून खाण्याची एक अरुंद गल्ली आहे. बुन रियू आणि गोगलगाईंचा ‘बुन ओक’ खायचा तो तिथे.

आणि मग शेपू.

होय, तीच ती भाजी, जिच्यावरून आपल्या घराघरांत दोन तट पडतात. आग्नेय आशियाच्या जेवणात शेपू तसा दुर्मीळच, पण हनोईत एक अख्खा रस्ता ज्या पदार्थामुळे ओळखला जातो, त्याचा प्राण शेपू आहे. हांग सोन, म्हणजे रंगरोगणाचा रस्ता. तिथे १४ क्रमांकाच्या घरात दोआन कुटुंबानं १८७१ मध्ये एका पदार्थाची खानावळ सुरू केली. पदार्थाचं नाव ‘चा का’. तो इतका गाजला, की पुढे रस्त्याचंच नाव चा का झालं. खानावळीत गळ टाकून बसलेल्या ला वोंग या चिनी कथेतल्या शहाण्या म्हाताऱ्याची मूर्ती होती, म्हणून पुरं नाव ‘चा का ला वोंग’.

नदीतला मिशावाला, कमी काट्यांचा मासा घेतात. त्याला हळद आणि आल्याच्या कुळातलं कुलंजन चोळतात, सोबत ‘मे’, म्हणजे शिजलेला भात मुद्दाम आंबवून केलेला पातळ लगदा. मासा आधी कोळशावर भाजतात, मग टेबलावरच्या कढईत तो तेलात चरचरत असताना त्यावर शेपू आणि कांद्याची पात मुठीमुठीनं टाकतात. फोडणीच्या चिमटीनं नव्हे, भाजी करायला घेतल्यासारखी. दोन मिनिटांत पाला मऊ पडतो आणि हळदीच्या पिवळ्या तेलात हिरवा वास उतरतो. शेवया, भाजलेले शेंगदाणे, आणि खरी कसोटी: ‘मम तोम’. ही जांभळट, उग्र वासाची चटणी ज्या इवल्याशा कोळंबीची करतात, ती आपल्या कोळीवाड्यात उन्हात सुकणाऱ्या जवळ्याच्याच जातकुळीची आहे. आपण तो उन्हात सुकवला, त्यांनी मिठात आंबवला. लिंबू पिळून ती फेस येईपर्यंत ढवळली की वास मवाळ होतो. पहिल्या घासाला धीर लागतो. दुसऱ्याला लागत नाही. चा काच्या खानावळी आता दुओंग थान्ह रस्त्यावरही आहेत.

शेपूला व्हिएतनामी भाषेत ‘थी ला’ म्हणतात, आणि त्या नावाची एक लोककथा आहे. देवानं सगळ्या भाज्यांना नावं वाटली. एक नाजूक रोप उशिरा पोचलं. देव विचारात पडला: ‘तुझं नाव म्हणजे... म्हणजे...’ हे ‘म्हणजे’ त्यांच्या भाषेत ‘थी ला’. रोपाला वाटलं, हेच आपलं नाव, आणि ते आनंदानं नाचत घरी पळालं.

सणाचं उरलेलं जेवण म्हणजे ‘बुन थांग’. तेत या चांद्र नववर्षानंतर घरात थोडी कोंबडी, थोडी वाफवलेली मांसाची वडी, थोडी सुकी कोळंबी उरते. हनोईच्या बायका ते सगळं दोऱ्यासारखं बारीक चिरतात, अंड्याचा पातळ पापुद्रा करून त्याच्याही शेवया कापतात, आणि वाटीत रंगांच्या पाकळ्या मांडतात. शिळं खातोय हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. ‘थांग’ हा शब्द वैद्याच्या पुडीसाठीही वापरतात, चिमूट चिमूट अनेक वस्तू एकत्र बांधलेली पुडी. नावाचा हा अर्थ मला सर्वांत पटतो.

‘बुन चा’बद्दल जगानं पुष्कळ ऐकलं आहे. मे २०१६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि प्रसिद्ध शेफ अँथनी बोर्डेन ले वान हुउ रस्त्यावरच्या एका साध्या दुकानात प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून ते जेवले, आणि ते टेबल आता काचेच्या पेटीत आहे. कोळशावर भाजलेले डुकराच्या मांसाचे गोळे, माशाच्या सॉसच्या कोमट, आंबटगोड पाण्यात बुडवलेले, बरोबर पाल्याचा ढीग. हे दुपारचं जेवण. साडेअकराला गल्लीत धूर दिसला की त्या धुराच्या मागं जावं, पत्ता शोधावा लागत नाही.

‘बान कुओन’ पाहताना मराठी माणूस नक्की थबकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताणून बांधलेलं फडकं, त्यावर पळीभर तांदळाचं पातळ पीठ, पसरून झाकण. अर्ध्या मिनिटात काडीनं उचलायचा तो पारदर्शक पापुद्रा. सालपापड्या वाफवून सोललेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो क्षण ओळखीचा वाटेल. फोच्या रुंद शेवयाही मुळात अशाच वाफवलेल्या पापुद्र्याच्या कापलेल्या पट्ट्या. बान कुओनमध्ये मांस आणि मशरूमचं सारण असतं, पण हनोईजवळच्या थान्ह ची गावचे लोक ते सारणाविना, नुसते कागदासारखे पातळ करतात. सारणवाल्यांसाठी हांग गा रस्ता.

आता कॉफी. १९४६. फ्रेंचांशी युद्धाला तोंड फुटायचं वर्ष. हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात मद्य-पेयं बनवणाऱ्या न्गुयेन वान जांग यांच्यापुढे प्रश्न होता, कॉफीत घालायला दूध मिळत नव्हतं. दूध कशासाठी हवं असतं? कडवटपणा झाकणाऱ्या स्निग्धपणासाठी. अंड्याच्या पिवळ्या बलकात स्निग्धपणा भरपूर. त्यांनी बलक साखरेबरोबर घोटला. घोटताना त्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात आणि बलक फुगून फिकट, दाट, साईसारखा होतो. तो कडक कॉफीवर अलगद तरंगतो. अंड्याचा वास येईल ही भीती पहिल्या चमच्याला जाते. चव पुडिंगजवळची, आणि खालून रोबस्टा कॉफीचा कडूपणा. ‘का फे चुंग’, म्हणजे अंडा-कॉफी. न्गुयेन हुउ हुआन रस्त्यावर ३९ क्रमांकाला एक बोळ आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागेल इतका. त्या बोळाच्या आत जांग यांचं दुकान आहे आणि ते त्यांच्याच घरचे चालवतात. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, फेस निवू नये म्हणून.

शाकाहारी वाचक इथवर धीरानं आले असतील. त्यांनी एक शब्द शिकावा: ‘चाय’. हिंदीतला चहा नव्हे. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहार. बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक मांस वर्ज्य करतात, आणि ‘चाय’ अशी पाटी लावलेली दुकानं शहरभर आहेत. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर तुकडे काढून देतील, पण रस्सा हाडांचा आणि खारटपणा माशाच्या सॉसचा राहीलच. म्हणून ‘चाय’ हाच शब्द वापरा. सकाळच्या ‘सोइ सेओ’कडेही लक्ष ठेवा: हळदीच्या पाण्यातला चिकट भात, त्यावर वाफवून घट्ट दाबलेल्या मूगडाळीच्या गोळ्यावरून सुरीनं उतरवलेली पिवळी पिसं, तळलेला कांदा. वरून घालतात ती चरबी नको असं मात्र आधी सांगा.

शेवटी, ज्यासाठी मी हनोईला जाण्याचा महिना ठरवेन, ते ‘कोम’. शहराच्या पश्चिमेला वोंग नावाचं गाव होतं. आता ते शहरातच आलं आहे. तिथली कथा अशी, की फार पूर्वी एका वर्षी भात तयार व्हायच्या आधी पूर आला. लोकांनी पाण्यातून कच्च्या लोंब्या वाचवल्या आणि उपाशी मरण्यापेक्षा त्याच भाजून खाल्ल्या. दाण्यातलं दूध नुकतंच धरलेलं असतं तेव्हाचा तो चिकट तांदूळ: भाजायचा, कुटायचा, पाखडायचा, पुन्हा कुटायचा. हुरड्याचा कोवळेपणा आणि पोह्यांचा चपटेपणा एकाच दाण्यात. रंग पोपटी. विकायला येतो तो दोन पानांत बांधून: आतलं पान दाणा ओलसर ठेवायला, बाहेरचं कमळाचं, वासासाठी, वर भाताच्याच काडीची गाठ. चमचा लागत नाही. तीन बोटांच्या चिमटीनं, सावकाश चावत, पिकल्या केळ्याबरोबर खायचा.

त्याचा मोसम शरदातला, मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा. सकाळीच घ्या आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी दाणा कडक होतो.